तपासनीस

सत्तावीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी नोटांचे ताव तपासले.
नंबर सरकलेला, शाई फुटलेली,
एखादी रेघ केसभर अलीकडे.
आधी खुपायचं,
मग दिसायचं.
सुटताना गेटवर झडती होई,
कागदाचा कपटा बाहेर जात नसे.
नजर तेवढी घेऊन आले.

हाडं दुखायची आधीपासूनच.
दोनदा मुतखडा. जिन्यात मांड्या भरून यायच्या.
भाजीवाल्याशी बोलताना 'दोडका' हा शब्दच हरवला एकदा,
बोट दाखवून घेतला.
एक डॉक्टर म्हणाले, वय.
दुसरे म्हणाले, एकट्या राहता ना, म्हणून.
तिसऱ्यांनी मान वर न करता
कॅल्शियमच्या गोळ्या लिहिल्या, रोज दोन.

एका रविवारी सगळे रिपोर्ट
जेवणाच्या टेबलावर तावांसारखे मांडले.
सात वर्षांचे, चार लॅबचे, एकावर चहाचा डाग.
रक्तातलं कॅल्शियम:
दहा पॉइंट सहा. दहा पॉइंट आठ. अकरा.
अकरा पॉइंट दोन.
प्रत्येक आकड्यापुढे बारीक चांदणी
आणि दर वेळी कुणीतरी म्हटलेलं,
किंचितच आहे हो.

किंचित!
तेवढ्यासाठी आम्ही अख्खा ताव बाद करायचो.

मग वाचत बसले.
धनश्रीचा शाळेतला शब्दकोश, मोबाईल, भिंग.
एका पानाला तीन संध्याकाळी.
'इडिओपॅथिक' अडला, शोधला:
कारण ठाऊक नसलेला.
एकटीच हसले.
'माहीत नाही'ला केवढा कडक इस्त्रीचा सदरा!
वहीत उतरवून घेतलं:
मानेत चार ग्रंथी, तांदळाच्या दाण्याएवढ्या.
त्यातली एखादी हट्टाला पेटली
तर हाडातलं काढते, रक्तात ओतत राहते.
आणि मी वरून रोज दोन गोळ्या.

तिसऱ्यांकडे वही घेऊन गेले.
"मोबाईलवर वाचून आलात वाटतं?"
हो म्हटलं, पंचांगात सापडलं नाही.
ते हसले नाहीत.
चिठ्ठीही दिली नाही.

कॅनडा कॉर्नरच्या लॅबमधला पोरगा,
गांगुर्डे, सुई भरत म्हणाला,
"मावशी, टेस्ट सांगितलीय कोणी?"
फॉर्मवर त्या रकान्यात
मी लिहिलं, मथुरा धात्रक.
पुढे डॉ. नाही, मागे पदवी नाही.
त्यानं वाचलं, माझ्याकडे बघितलं,
आणि दंडाला रबर बांधलं.

रिपोर्ट आला.
माझं बरोबर निघालं.
आनंद झाला म्हणावं,
तर रोग माझाच होता.

गंगापूर रोडच्या सर्जनबाईंनी वही पूर्ण वाचली,
खाडाखोडीसकट.
म्हणाल्या, ऑपरेशन करू,
किंवा सहा महिने थांबून बघू.
दोन्हीला कारणं आहेत. ती सांगितली.
मग पेन खाली ठेवलं.
"तुम्हाला काय वाटतं?"

सात वर्षं या प्रश्नासाठी भांडले मनातल्या मनात,
आणि विचारल्यावर,
लाज वाटते सांगायला,
तोंडाशी आलं होतं:
तुम्हीच सांगा ना, बाई.

बस द्वारकेला अडकली, नेहमीसारखी.
खिडकीशी बसून आठवत होते,
पास केलेल्या गठ्ठ्यावर आमची सही असायची.
पुढे कुठे चूक सापडली
तर ती त्या सहीची.
रात्री झोप लागायची नाही कधीकधी,
सुटला तर नाही ना एखादा?
आता गठ्ठा मीच.
दत्तमंदिर स्टॉप येईपर्यंत
ठरलं नव्हतं.
उतरताना ठरलं. का, ते विचाराल
तर वहीत आहे, अर्धं.
उरलेलं अर्धं गुडघ्यांना विचारा.

संमतीपत्र चार पानी, इंग्रजीत.
नर्सनं खूण केली होती पेन्सिलीनं,
"इथं सही, इथं, आणि इथं."
पिशवीतून चष्मा काढला.
भिंगही काढलं.
म्हटलं, बस पोरी जरा,
वेळ लागेल.